तिसऱ्या खेळाडूची जागा

बर्मिंगहॅम, २ ऑगस्ट २०२२. राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धेतल्या पुरुषांच्या सांघिक टेबल टेनिसची अंतिम लढत, समोर सिंगापूर. पहिली दुहेरी हरमीत देसाई आणि जी. साथियान यांनी १३-११, ११-७, ११-५ अशी जिंकून दिली होती. मग शरथ कमल टेबलापाशी आला. आदल्याच दिवशी उपांत्य लढतीत त्याने नायजेरियाच्या क्वाद्री अरुणाला नमवले होते, त्यामुळे हा गुण तर आपलाच, असे धरून चालणारे बरेच होते. झाले उलटे. क्लॅरेन्स च्यूने त्याला ११-७, १२-१४, ११-३, ११-९ असे हरवले आणि लढत १-१ अशी बरोबरीत आली.

चाळिशीतला शरथ बाकावर येऊन बसला. पुढचे सगळे इतरांच्या हातात होते.

साथियानने कोएन पँगविरुद्ध पहिला गेम १२-१० असा काढला, दुसरा घालवला, पण उरलेले दोन ११-७, ११-४ असे जिंकले. आता हरमीतची पाळी, आणि त्याच्यासमोर तोच च्यू, ज्याने तासाभरापूर्वी भारताच्या सर्वांत मोठ्या खेळाडूला निष्प्रभ केले होते. हरमीत हरला असता तर पाचव्या लढतीसाठी शरथला पुन्हा उभे राहावे लागणार होते, पराभवाचे ओझे डोक्यावर घेऊन. ती वेळच आली नाही. ११-८, ११-५, ११-६. सरळ तीन गेम. भारत ३-१ ने जिंकला आणि सुवर्णपदक राखले.

एकेरीच्या स्पर्धेत असा दिवस उजाडला असता तर शरथला त्या दिवशीच बॅग भरावी लागली असती. संघात तो हरला, तरी सुवर्ण त्याच्या गळ्यात पडले आणि त्यावर कोणीही बोट ठेवले नाही, कारण आदल्या दिवशी त्याने इतरांसाठी तेच केले होते. पुढच्या सहा दिवसांत त्याने श्रीजा अकुलाबरोबर मिश्र दुहेरीचे आणि लियाम पिचफर्डला हरवून एकेरीचेही सुवर्ण मिळवले. समारोपाच्या संचलनात निखत झरीनसोबत तिरंगा त्याच्याच हातात होता. ते सारे देशाच्या लक्षात राहिले. हरमीतचे ते तीन गेम मात्र फारसे कोणाला आठवत नाहीत, आणि या लेखाचे कारण तेच आहे.

पुरुषांची सांघिक स्पर्धा मोठ्या क्रीडामेळ्यांमधून हळूहळू मागे सारली जात आहे. २०२६ च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेचा खर्च आणि आकार कमी करताना फक्त १० खेळ ठेवले गेले. हॉकी, बॅडमिंटन, कुस्ती, नेमबाजी, क्रिकेट यांच्याबरोबर टेबल टेनिसही बाहेर पडले. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये टेबल टेनिस आहे, उलट एका सुवर्णपदकाची भर पडून ते सहावर गेले आहे. पण २००८ पासून चालत आलेल्या पुरुष आणि महिलांच्या स्वतंत्र सांघिक स्पर्धा मात्र गेल्या. त्यांच्या जागी पुरुष दुहेरी आणि महिला दुहेरी परत आल्या आणि मिश्र संघाची एक नवी स्पर्धा आली. वर्तमानपत्रात याला चार ओळींची जागा मिळाली. ज्या देशाचे टेबल टेनिस सांघिक लढतींतून उभे राहिले, त्या देशाने ही बातमी इतक्या थंडपणे घ्यावी, हे बरे नाही.

सांघिक लढत म्हणजे काही चार-पाच एकेरी सामने एकापुढे एक लावलेले नसतात. सुरुवात होते ती नाणेफेकीने. जिंकणारा कर्णधार ठरवतो की आपला संघ ए-बी-सी असणार की एक्स-वाय-झेड. मग दोघे कर्णधार आपापल्या खेळाडूंचा क्रम कागदावर लिहून देतात. दोन्ही कागद जमा होईपर्यंत समोरच्याचा क्रम कळत नाही. कोणाला ए म्हणून उतरवायचे, कोणाला दुहेरीत घालायचे, समोरचा आपला डावखुरा कुठे ठेवील, लांब पिंपल्सच्या रबराने खेळणाऱ्यासमोर आपल्यातला कोण टिकेल, हा सगळा हिशेब त्या एका कागदात असतो. पहिला चेंडू उडण्याआधीच अर्धी लढत तिथे लढली जाते.

टोकियो ऑलिम्पिकपासून दुहेरी आधी आणि मग चार एकेरी असा क्रम आला. राष्ट्रकुलातही २०२२ ला तोच होता. या रचनेत लढत पाचव्या सामन्यापर्यंत गेली, तर तिघांपैकी प्रत्येकाच्या वाट्याला बरोबर दोन सामने येतात. एक जण दोन एकेरी खेळतो, बाकीचे दोघे एक दुहेरी आणि एक एकेरी. म्हणजे संघातला तिसरा खेळाडू पहिल्याइतकाच खेळतो. एखाद्या देशाकडे एकच असामान्य खेळाडू असेल तर त्याला दोन गुण मिळतील, तिसरा कुठून आणणार? तो आणायचा तर मागे क्लब हवेत, सराव करून घेणारे हात हवेत, आणि दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या मुलांनाही स्पर्धांना पाठवणारी व्यवस्था हवी. सांघिक पदक हे त्या देशातल्या खेळाच्या तब्येतीचे मोजमाप असते ते यामुळे.

याचा सर्वांत बोलका दाखला मुंबईत घडला आहे. १९५२ ला जागतिक स्पर्धा पहिल्यांदा आशियात आली ती मुंबईला. जपानचा हिरोजी सातो तिथे जाड स्पंजची बॅट घेऊन उतरला. तोवर सारे जण पिंपल्सच्या पातळ रबराने खेळायचे, चेंडू बॅटवर आपटला की टक् असा आवाज यायचा आणि त्या आवाजावरून समोरच्याला फटक्याचा अंदाज बांधता यायचा. सातोच्या बॅटचा आवाजच होत नव्हता, आणि चेंडू मात्र भलत्या वेगाने येत होता. भलेभले गोंधळले. पुरुष एकेरीचे विजेतेपद सातो घेऊन गेला आणि टेबल टेनिस कायमचे बदलले. पण त्याच मुंबईत पुरुषांच्या सांघिक स्पर्धेचा स्वेथलिंग चषक हंगेरीने जिंकला. नव्या बॅटची करामत एकेरीचा मुकुट मिळवायला पुरली. स्वेथलिंग चषकाला मात्र पूर्ण संघच लागला.

स्वेथलिंग चषक हा तर या खेळाच्या आंतरराष्ट्रीय जन्माशीच जोडलेला. १९२६ च्या डिसेंबरात लंडनला पहिली जागतिक स्पर्धा झाली, त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला, आणि भारत त्याच्या संस्थापक सदस्यांपैकी एक होता. पहिल्या स्वेथलिंग चषकात भारताचा संघ खेळला होता. तेव्हा लढत नऊ एकेरी सामन्यांची असे, तिघांनी समोरच्या तिघांशीही खेळायचे. या खेळात देश देशाला भेटला तो संघ म्हणूनच.

त्यानंतर भारताची फार मोठी वाट चुकली, हे मान्य करायला हवे. अधूनमधून चांगले खेळाडू झाले, मुंबईचा कमलेश मेहता आठ वेळा राष्ट्रीय विजेता झाला, सोल आणि बार्सिलोना अशी दोन ऑलिम्पिक खेळला. पण आशियात चीन, जपान, कोरिया, तैवान, हाँगकाँग, सिंगापूर अशी रांग लागलेली. या रांगेत भारताचे नाव पदकाच्या आसपास क्वचितच दिसे.

बदल दिसला तो मेलबर्नला, २००६ च्या राष्ट्रकुलात. सिंगापूरच्या संघात चीनमध्ये घडलेले खेळाडू होते. त्या संघाला हरवून भारताने पुरुषांचे सांघिक सुवर्ण जिंकले, आणि २३ वर्षांच्या शरथ कमलने एकेरीतही ऑस्ट्रेलियाच्या विल्यम हेन्झेलला त्याच्या घरच्या प्रेक्षकांसमोर हरवून सुवर्ण मिळवले. पण एका खेळाडूच्या जोरावर संघ किती दिवस तगणार? २०१० ला दिल्लीत सांघिक कांस्यावर समाधान मानावे लागले. २०१४ ला ग्लासगोमध्ये तेही नाही. टेबल टेनिसमध्ये भारताच्या हाती लागले ते शरथ आणि अँथनी अमलराज यांचे दुहेरीतले एकुलते एक रौप्य.

मधल्या काळात चेन्नईत साथियान तयार होत होता, सुरतला हरमीत, मुंबईत सनिल शेट्टी. ही मुले जर्मनीच्या, स्वीडनच्या, पोलंडच्या क्लबांकडून खेळायला जाऊ लागली, आणि तिकडचे क्लब खेळतात ते सांघिक लीगमध्येच. आठवडाभर सराव आणि शनिवार-रविवारी संघासाठी सामना. आपण हरलो तर संघ हरतो, ही सवय तिकडून अंगात मुरली. इटलीचे मासिमो कोस्तांतिनी २०१६ ला पुन्हा प्रशिक्षक म्हणून आले आणि २०१८ उजाडले.

गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत उपांत्य फेरीत सिंगापूरशी झालेली लढत पाचव्या सामन्यापर्यंत ताणली गेली. भारत ३-२ ने सुटला. अंतिम लढतीत नायजेरियाला ३-० असे हरवताना शरथ आणि साथियान दोघांनीही पहिला गेम गमावला होता, तरी कोणी डगमगले नाही. महिलांच्या संघानेही सिंगापूरला नमवून सुवर्ण जिंकले. टेबल टेनिसमध्ये भारताची एकूण आठ पदके झाली.

पण त्या वर्षाचा खरा दिवस ऑगस्टमध्ये आला, जाकार्ताला. आशियाई क्रीडा स्पर्धांमध्ये टेबल टेनिस १९५८ पासून खेळले जाते. साठ वर्षांत भारताला एकही पदक नव्हते. एकेरीत नाही, दुहेरीत नाही, कशातच नाही. उपउपांत्य फेरीत गाठ पडली जपानशी. जपानच्या पहिल्या फळीतले काही खेळाडू त्या संघात नव्हते, हे खरे आहे, आणि ते सांगितलेच पाहिजे. तरी जपानचा दुसऱ्या फळीतला संघही बहुतेक देशांच्या पहिल्या फळीला भारी पडतो. भारताने ती लढत ३-१ अशी जिंकली. उपांत्य फेरीत दक्षिण कोरियाने ३-० असे हरवले, पण कांस्यपदक निश्चित झाले होते. साठ वर्षांचे कुलूप उघडले ते पुरुषांच्या सांघिक स्पर्धेने. त्यानंतर काही दिवसांतच शरथ आणि मनिका बत्राने मिश्र दुहेरीत कांस्य मिळवले. दार एकदा किलकिले झाल्यावर मागून येणाऱ्यांना वाट सोपी होते, हे जाकार्तात अगदी डोळ्यांसमोर दिसले.

पुढे आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत २०२१, २०२३ आणि २०२४ अशी सलग तीन वेळा पुरुष संघाने कांस्य मिळवले. आणि २०२४ च्या मार्चमध्ये जागतिक क्रमवारीच्या आधारे पुरुष आणि महिला असे भारताचे दोन्ही संघ ऑलिम्पिकसाठी पात्र ठरले. २००८ ला सांघिक स्पर्धा सुरू झाल्यापासून प्रथमच. शरथचे ते पाचवे ऑलिम्पिक होते. अथेन्सपासून तो जात होता, आणि चार वेळा गेला तो संघाशिवायच. संघ घेऊन तो ऑलिम्पिकला पोहोचला तेव्हा ४२ वर्षांचा होता.

पॅरिसला चिठ्ठी निघाली ती पहिल्याच फेरीत चीनची. मा लाँग, फान झेनडाँग, वांग चूचिन. निकाल ३-०, आणि त्यात आश्चर्य वाटण्याजोगे काही नाही. तरी एक क्षण सांगण्यासारखा आहे. दोनच दिवसांपूर्वी एकेरीचे ऑलिम्पिक सुवर्ण जिंकलेल्या फान झेनडाँगकडून शरथने पहिला गेम ११-९ असा घेतला. पुढचे तीन फानने ११-७, ११-७, ११-५ असे घेतले. मानव ठक्करनेही वांग चूचिनला दोन गेममध्ये नऊ-नऊ गुणांपर्यंत झुंजवले. महिला संघाने तर रुमानियाला ३-२ असे हरवून उपउपांत्य फेरी गाठली. अठरा वर्षांपूर्वी राष्ट्रकुलातल्या एका सुवर्णापासून सुरू झालेला प्रवास इथवर आला होता. आणि आता, ऑलिम्पिकमध्ये पुढच्या वेळी संघ म्हणून उतरण्याची आस धरावी, तर ती स्पर्धाच नाही.

सांघिक स्पर्धा गेली तर बिघडले काय, असे म्हणणाऱ्यांचा मुद्दा समजून घ्यायला हवा. २००८ पासून २०२४ पर्यंत पाचही वेळा पुरुषांचे सांघिक सुवर्ण चीनने नेले. निकाल आधीच ठाऊक असलेली स्पर्धा कोणी पाहायची? दूरचित्रवाणी वाहिन्यांना आणि ऑलिम्पिक समितीला नवे काही हवे असते. त्यात पुरुष आणि महिलांना एकाच संघात बरोबरीने खेळवणारी स्पर्धा आली, तर तिला विरोध कोण करणार?

चीनचे वर्चस्व हा युक्तिवाद मात्र टिकत नाही. एकेरीतही चीनचेच वर्चस्व आहे. बीजिंगला २००८ मध्ये पुरुष आणि महिला एकेरीची सहाच्या सहा पदके चीनने घेतली, तेव्हा एका देशाचे एकेरीतले खेळाडू तीनवरून दोनवर आणावे लागले. सांघिक स्पर्धेत सुवर्ण चीनचे असले, तरी त्याखाली खरी चुरस असते. दक्षिण कोरिया, जर्मनी, जपान, स्वीडन आणि पॅरिसला घरच्या प्रेक्षकांसमोर फ्रान्स, या सगळ्यांनी सांघिक पदके मिळवली आहेत. फ्रान्सने फेलिक्स आणि अलेक्सी लेब्रून या भावांच्या जोरावर जपानला ३-२ असे हरवून कांस्य घेतले, ती लढत ज्यांनी पाहिली त्यांना सांघिक टेबल टेनिस कंटाळवाणे असते हे पटवून देणे अवघड आहे.

शिवाय मोठे खेळाडू हरतात तेही बऱ्याचदा सांघिक लढतींत. २०२४ च्या फेब्रुवारीत बुसानला जागतिक सांघिक स्पर्धेत भारताच्या महिला संघाची गाठ चीनशी पडली. ऐहिका मुखर्जीने त्या वेळी जगात पहिल्या क्रमांकावर असलेल्या सुन यिंगशाला हरवले, श्रीजाने वांग यिदीला. लढत भारताने २-३ अशी गमावली, पण चीनला घाम फुटला. एकेरीच्या स्पर्धेत हेच खेळाडू क्रमवारीनुसार मांडलेल्या वाटेने चालतात आणि बहुतेक वेळा मोठ्यांपर्यंत पोहोचण्याआधीच थांबतात. संघ म्हणून मात्र मोठ्यांच्या समोर थेट उभे राहता येते, आणि पाठीशी बाकावर आपली माणसे असतात.

मिश्र संघाची स्पर्धा चांगलीच आहे, यात शंका नाही. २०१७ पासून भारतात अल्टिमेट टेबल टेनिस लीग त्याच धर्तीवर चालते, पुरुष, महिला आणि मिश्र दुहेरी असे सगळे एका लढतीत. मुंबई आणि पुण्याचेही संघ त्यात आहेत. मुंबईची दिया चितळे आणि बडोद्याचा मानुष शाह ही जोडी तर आता जगातल्या चांगल्या मिश्र जोड्यांमध्ये गणली जाते. भारताला मिश्र संघात पदकाची आशा धरायला जागा आहे. म्हणूनच इथे एक सरळ प्रश्न विचारायला हवा. मिश्र संघ आणायचा तर पुरुष आणि महिलांचे संघ काढायलाच हवेत का? आंतरराष्ट्रीय महासंघाचा मिश्र सांघिक विश्वचषक २०२३ पासून चेंगडूला होतो. त्यात प्रत्येक सामना तीन गेमचा, आणि जो संघ आधी आठ गेम जिंकेल तो विजयी. पुरुष एकेरीचा सामना एकच. म्हणजे ज्याला तिसरा, चौथा खेळाडू म्हणतात, त्याच्यासाठी आता दुहेरीत एखादी जागा मिळाली तर मिळाली. पुरुषांमध्ये दोन उत्तम खेळाडू असले की भागले, असे देशांना वाटू लागेल. महिलांच्या बाबतीतही तेच. आणि एकदा वर तिसऱ्याची गरज उरली नाही, की खाली तिसऱ्यावर पैसा खर्च करणारे हात आखडतात. खेळाच्या प्रशासनात हे काही नवीन नाही.

मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक, नागपूर, कुठल्याही जिल्ह्यातल्या टेबल टेनिसच्या हॉलमध्ये एखाद्या उन्हाळी सकाळी डोकावले तर हे जास्त नीट कळते. पंखे बंद असतात, खिडक्या लावून घेतलेल्या असतात, कारण चेंडू जेमतेम २.७ ग्रॅमचा, वाऱ्याच्या झुळकीनेही त्याची दिशा बदलते. घामाने बॅटची मूठ निसटते, म्हणून मुले मुठीला टॉवेल गुंडाळून बसलेली असतात. चांगल्या रबराच्या दोन शीट्सना काही हजार रुपये पडतात आणि रोज सराव करणाऱ्याचे रबर दोन-तीन महिन्यांत गुळगुळीत होते. पहिल्या क्रमांकाच्या मुलाला शिष्यवृत्ती मिळते, कंपनी पुरस्कर्ता होते, विमानाचे तिकीट निघते. तिसऱ्या क्रमांकाच्या मुलाचा बाप मात्र दर महिन्याला हिशेब मांडतो. त्या मुलाला टिकवून धरणारी एकच गोष्ट असते, ती म्हणजे जिल्ह्याच्या, विद्यापीठाच्या, राज्याच्या संघात मिळणारी जागा. संघात जागा मिळाली की प्रमाणपत्र मिळते, त्याच्या आधारे खेळाडूंच्या राखीव जागेतून नोकरी मिळू शकते, आणि नोकरी मिळाली की खेळ सुटत नाही. भारतातले बहुतेक नावाजलेले टेबल टेनिसपटू पेट्रोलियम कंपन्या, रेल्वे, बँका यांच्या संघांमधून खेळत मोठे झाले आहेत. शरथ इंडियन ऑइलचा.

राष्ट्रीय स्तरावर पुरुषांच्या आंतरराज्य सांघिक स्पर्धेला बार्ना-बेलाक चषक म्हणतात. विक्टर बार्ना आणि लास्लो बेलाक हे हंगेरीचे जुने जगज्जेते. त्यांची नावे आजही आपल्या राष्ट्रीय स्पर्धेत जिवंत आहेत. पण हा चषक कोणत्या राज्याने जिंकला, हे क्रीडा पानावर शोधावे लागते. राष्ट्रीय स्पर्धेत सांघिक सामने आधी उरकायचे आणि मग एकेरीकडे वळायचे, असा शिरस्ता पडला आहे. छायाचित्रकारही बहुधा एकेरीच्या अंतिम दिवशीच येतात. राज्य आंतरजिल्हा स्पर्धेतही बऱ्याचदा हेच घडते. सांघिक लढती दोन-तीन टेबलांवर एकाच वेळी चालतात, स्वतःच्याच संघातल्या दुसऱ्याचा सामना पाहायला मुलांना उसंत मिळत नाही. मग त्यांना बाकावर बसून दुसऱ्याच्या सर्व्हिसमधले उणेपण हेरायचे, एका मिनिटाच्या टाइमआउटमध्ये नेमके काय सांगायचे, हे शिकवणार कोण?

यावर उपाय कोणाला फार दूर शोधावे लागणार नाहीत. अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धा मुळातच सांघिक आहे, तिच्या लढती नीट दाखवता येतील. आंतरजिल्हा स्पर्धेतली सांघिक अंतिम लढत शेवटच्या दिवशी, एकाच टेबलावर, भरल्या हॉलमध्ये खेळवता येईल. एकेरीच्या विजेत्याला जितके बक्षीस, तितकेच विजेत्या संघातल्या प्रत्येकाला देता येईल. महाराष्ट्राला यात कोणाच्या परवानगीची वाट पाहावी लागणार नाही. ज्या मुंबईने कमलेश मेहता, सनिल शेट्टी यांच्यासारखे खेळाडू दिले, त्या शहराच्या जिमखान्यांना संघाचे मोल नव्याने सांगावे लागू नये.

सनिल शेट्टीचे नाव इथे मुद्दाम घेतले आहे. २०१८ आणि २०२२ अशा दोन्ही सुवर्ण संघांत तो होता. दोन्ही अंतिम लढतींत त्याला टेबलाजवळ उतरावे लागले नाही. पण दररोजच्या सरावात समोरच्या बाजूला उभे राहून सिंगापूरच्या आणि नायजेरियाच्या खेळाडूंसारखे फटके मारून देणारे, रबर बदलून वेगळा फिरका काढून दाखवणारे लागतातच. संघातल्या चौथ्या माणसाचे काम ते असते, आणि ते केल्याशिवाय पहिल्या तिघांची तयारी होत नाही. पदकांच्या यादीत त्याचे नाव शरथच्या शेजारी, त्याच आकाराच्या अक्षरांत छापलेले आहे. ही किमया फक्त सांघिक स्पर्धेलाच साधते.

शरथने २०२५ च्या मार्चमध्ये चेन्नईला, आपल्या गावात, शेवटची स्पर्धा खेळून निवृत्ती घेतली. मागे राहिलेले खेळाडू कमी नाहीत. आणि आशेला जागाही आहे. २०३० ची राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला होणार आहे आणि टेबल टेनिसचे नाव तिथे निश्चित झालेल्या खेळांमध्ये आहे. यजमान म्हणून भारताचे म्हणणे तिथे ऐकले जाईल. भारतीय टेबल टेनिस महासंघाने आणि ऑलिम्पिक संघटनेने आतापासूनच आग्रह धरायला हवा, की मिश्र संघाची स्पर्धा खुशाल घ्या, पण पुरुष आणि महिलांच्या सांघिक स्पर्धा तिच्या जोडीला राहिल्याच पाहिजेत. या मागणीत स्वार्थ आहे, आणि तो लपवण्याचे कारण नाही. २००६, २०१८ आणि २०२२ ची सुवर्णपदके त्यामागे उभी आहेत.

हरमीत, मानव, मानुष, तिघेही गुजरातचेच. २०३० मध्ये हरमीत ३७ वर्षांचा असेल. बर्मिंगहॅमला शरथ होता, त्याहून तीन वर्षांनी लहान.